गाळा सोडायचाय, पण लॉक-इन बाकी आहे

प्रश्न: वकीलताई, नमस्कार. कोथरूडला आमचं पोळी-भाजी केंद्र अकरा वर्षं चाललंय. ते बरं चाललं म्हणून वारज्यात दुसरं काढलं. गाळा साडेतीनशे चौरस फूट, भाडं ३८,००० रुपये, दर वर्षी ५ टक्के वाढ, डिपॉझिट २,२८,०००. करार साठ महिन्यांचा, त्यात छत्तीस महिने लॉक-इन, म्हणजे तोवर सोडायचं नाही. एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरीच आला होता. कणकेचे हात धुतले आणि अंगठा दिला, वाचलं कोणीच नाही. आज सतरा महिने झाले. रोज सहाशे पोळ्या गेल्या तर गाळा परवडतो; जातात अडीचशे. समोरच्या सोसायटीतल्या दोघीतिघी घरूनच डबे देतात, त्यांना भाड्याची कटकट नाही.

गेले सहा महिने कोथरूडच्या गल्ल्यातून वारज्याचं भाडं भरतेय. मालक काकांशी बोलले तर म्हणाले, "सोडा ना, पण उरलेले एकोणीस महिने द्या." कागदावर हिशेबही करून दिला : ७,८२,०४० रुपये. त्यातून डिपॉझिट वळतं करून ५,५४,०४० आणून द्यायचे. माणूस वाईट नाही, गाळ्यावर त्यांचंही कर्ज आहे. यजमान म्हणतात, भाडं देणं बंद करू, डिपॉझिटमधून पाच-सहा महिने निघतील, मग शटर ओढायचं आणि किल्ली वॉचमनकडे टाकायची. या वर्षाचे उरलेले सात चेक मालकांकडे आहेत. चिमणी, ग्रॅनाइटचा ओटा, थ्री फेज मीटर यांत आमचे साडेतीन लाख गेलेत. कराराची प्रत सोबत पाठवली आहे. काय करू? — *एक वाचक, पुणे*

उत्तर: ताई, बाकी काही करा, किल्ली वॉचमनकडे टाकू नका. यात मी स्वतः हात पोळून घेतलेत.

२००४ साल. माझी वकिली सहा वर्षांची. शनिवार पेठेत दुसऱ्या मजल्यावर एक खोली भाड्यानं घेतली होती, अकरा महिन्यांचा करार. चार महिने बाकी असताना कोर्टाजवळ बरी जागा मिळाली. मालकांना फोन केला, ते "बरं, बरं" म्हणाले. टेम्पोत कपाटं चढवली, किल्ली वॉचमनच्या हातात दिली आणि निघाले. पाच आठवड्यांनी त्यांचं पत्र आलं : जागा अजून तुमच्याच ताब्यात आहे, भाडं यायचं राहिलंय. वॉचमन तोवर नोकरी सोडून जुन्नरकडे गावी गेलेला. त्या दिवशी मी जागा सोडली याचा माझ्याकडे पुरावा काय, तर टेम्पोवाल्यानं सिगारेटच्या पाकिटावर केलेला हिशेब. २४,००० च्या डिपॉझिटमधले १८,००० गेले. दिवसा लोकांना सांगत होते की कागद करा, आणि स्वतःच्या खोलीचा कागद केला नव्हता. घरी हे आजतागायत ऐकून घेते.

तेव्हा आधी हे डोक्यात पक्कं बसवा : सामान हललं किंवा शटर खाली आलं म्हणून भाडं थांबत नाही. ते थांबतं मालकाला ताबा दिला आणि त्यानं तो घेतला, म्हणजे. तुमचा कागद 'लीव्ह अँड लायसन्स' आहे, म्हणजे जागा वापरायचा नुसता परवाना. १८८२ च्या सुखाधिकार कायद्याच्या कलम ६२ मध्ये परवाना संपण्याचे जे प्रकार दिलेत, त्यात एक आहे परवाना घेणाऱ्यानं तो देणाऱ्याकडे सोडून देणं, उघड किंवा वागण्यातून. वागण्यातून सोडला हे कोर्टात सिद्ध करत बसण्यापेक्षा उघड सोडा. एक पान लागतं. त्या पानाकडे शेवटी येते.

आता करार. तुमची प्रत मी वाचली. हे बहुधा तुमच्या घरातलं पहिलं वाचन. इंग्रजी मसुदा आहे, एजंटच्या कॉम्प्युटरमध्ये असतो तोच. चौदाव्या परिच्छेदाचा मराठीत सरळ अर्थ असा : लॉक-इन संपल्यावर कोणीही तीन महिन्यांची नोटीस देऊन करार संपवू शकतो, आणि लॉक-इनमध्ये तुम्ही सोडलंत तर लॉक-इनच्या उरलेल्या काळाचं भाडं तुम्ही द्यायचं. मालकानं लॉक-इनमध्ये तुम्हाला काढलं तर त्यानं काय द्यायचं, याबद्दल एक अक्षर नाही. हे कलम दोन्ही बाजूंनी लिहून घ्यायचं असतं. पुढच्या वेळी घ्या.

कोणीतरी तुम्हाला नक्की सांगेल की कायद्यात पंधरा दिवसांची नोटीस पुरते. ती मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ मधली, लीजसाठी, म्हणजे जागेत हक्क देणाऱ्या भाडेपट्ट्यासाठी, आणि तीही करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तेव्हा. तुमच्या करारात ठरलेलं आहे. तो रस्ता तुमचा नाही. दुसरं कोणी सांगेल की धंदाच चालत नाही म्हणजे करार आपोआप मोडला. तसंही नाही. करार पुरा करणं महाग पडलं, तोट्याचं झालं, म्हणून तो निष्फळ ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९५० आणि ६० च्या दशकांतच सांगून ठेवलंय. अडीचशे पोळ्या हे सोडण्याचं कारण आहे, सुटण्याचं नाही.

म्हणजे मालक काकांचे ७,८२,०४० बरोबर? हिशेब बरोबर आहे. मीही करून पाहिला : सात महिने ३९,९०० नं आणि बारा महिने ४१,८९५ नं. बेरजेत एक रुपयाची चूक नाही. शाळेत गणित शिकवत होते का ते? पण बेरीज बरोबर असणं आणि देणं लागणं या दोन गोष्टी आहेत.

भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याचं कलम ७४ म्हणतं की करार मोडल्यावर द्यायची रक्कम करारातच लिहिलेली असली, तरी मिळते ती वाजवी भरपाई. लिहिलेली रक्कम ही तिची वरची मर्यादा. म्हणजे ७,८२,०४० हे छत आहे. फरशी कुठे, ते मालकाचं खरं नुकसान ठरवतं. १९६३ साली फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या खटल्यात हे स्पष्ट झालं. २०१५ चा कैलाशनाथ असोसिएट्सचा निकाल तर मी पक्षकारांना गोष्टीसारखा सांगते. दिल्लीत भिकाजी कामा प्लेसचा एक भूखंड १९८२ च्या लिलावात ३ कोटी १२ लाखांना गेला. बोली लावणाऱ्या कंपनीनं ७८ लाख इसारा भरला. पुढे व्यवहार रखडला आणि दिल्ली विकास प्राधिकरणानं इसारा जप्त केला. तोच भूखंड १९९४ मध्ये त्यांनी ११ कोटी ७८ लाखांना विकला. सर्वोच्च न्यायालयानं विचारलं, मग तुमचं नुकसान झालं कुठे? नुकसान नाही तर कलम ७४ खाली भरपाई नाही. इसारा परत करायला लावला.

आता तुमचा गाळा. तुम्ही सोडल्यावर काकांनी तो दोन महिन्यांत मेडिकलवाल्याला ४०,००० नं दिला, तर सतरा महिने दोघांकडून भाडं घेता येईल का? नाही. आणि गाळा मुद्दाम रिकामा ठेवून तुमच्याकडून वसूल करत बसणंही चालणार नाही. कलम ७३ च्या शेवटी एक स्पष्टीकरण आहे : नुकसान मोजताना ते कमी करण्याचे काय उपाय हाताशी होते, हेही बघायचं. मालकानं नवा भाडेकरू शोधायचा प्रयत्न केला पाहिजे.

मात्र "लॉक-इनला काही अर्थच नसतो" असं सांगणाऱ्या वकिलापासूनही चार हात दूर राहा. मालकानं तुमच्या धंद्यासाठी म्हणून भिंती पाडल्या, ड्रेनेज बदललं, अशी जागा की दुसरा कोणी वर्षभर घेणार नाही, तर त्याचं नुकसान खरंच मोठं असतं आणि ते कोर्टात सिद्धही होतं. तुमच्या बाबतीत सगळा खर्च तुम्हीच केलाय, काकांनी पांढरा रंग देऊन गाळा दिला होता. ही तुमच्या बाजूची गोष्ट आहे. तिची बिलं शोधून ठेवा.

मग आकडा किती? कोर्टात काय होईल याचं भाकीत मी कधी करत नाही. बोलणी कशी करायची ते सांगते.

काकांकडे जाण्याआधी वारज्यातल्या तीन एजंटांना फोन करा. तुमच्या पट्ट्यात साडेतीनशे फुटांचा, थ्री फेज असलेला तळमजल्याचा गाळा आज काय भाड्यानं जातो आणि किती दिवस रिकामा राहतो, एवढंच विचारा. तिघं तीन आकडे सांगतील, मधला धरा. समजा भाडं साधारण तेच आणि रिकामा राहायचा काळ चार-पाच महिने. तर तुमचा प्रस्ताव असा : आज तीन महिन्यांची लेखी नोटीस. लॉक-इनमध्ये नोटिशीचं कलम तुम्हाला लागू नाही हे खरं, तरी द्या. तुमचा प्रामाणिकपणा कागदावर येतो. ते तीन महिने भाडं महिन्याच्या महिन्याला चालू. त्याच काळात मालकानं आणि तुम्ही, दोघांनी मिळून नवा भाडेकरू शोधायचा. नाही मिळाला तर आणखी दोन महिन्यांचं भाडं आणि एक महिन्याची दलाली तुम्ही सोसायची. ती रक्कम होते १,१९,७००. डिपॉझिटमधून ती वजा जाता १,०८,३०० तुम्हाला परत. भाडेकरू आधी मिळाला तर ते दोन महिनेही त्या प्रमाणात कमी.

काका लगेच हो म्हणणार नाहीत. चार महिने म्हणतील, तुम्ही तीन म्हणा. माझा अनुभव असा की कर्जाचा हप्ता भरणाऱ्या मालकाला पाच लाखांच्या दाव्यापेक्षा पुढच्या महिन्याच्या पाच तारखेची काळजी जास्त असते. त्यामुळे नवा भाडेकरू घेऊन जा. नुसतं "कोणी असेल तर बघा" नको. मेडिकल, पॅथॉलॉजीचं कलेक्शन सेंटर, शिवणकाम, जो मिळेल त्याचं नाव, फोन आणि तो काय भाडं देतो ते लिहून द्या. काकांनी त्याला विनाकारण नकार दिला, तर तेच पत्र उद्या तुमचा पुरावा : नुकसान कमी करायची संधी हातात होती, त्यांनी घेतली नाही. फक्त कोणालाही परस्पर गाळ्यात बसवू नका. पोटभाडेकरू ठेवायला तुमच्या करारात मनाई आहे, आणि ते केलंत की आतापर्यंतचं सगळं तुमच्यावर उलटेल.

यजमानांच्या योजनेबद्दल. डिपॉझिटमधून भाडं वळतं करायचं हा पुण्यातला जुना खेळ आहे. मीही कधीकधी सांगते, पण ते मालक डिपॉझिट बुडवणार याची खात्री असेल तेव्हा. तुमचे मालक बोलतायत, कागदावर हिशेब मांडतायत. त्यांच्याशी असं वागून करार आधी मोडल्याचं पाप आपल्या माथी का घ्यायचं? आणि चेकचं काय करणार? बँकेला सांगून चेक थांबवले तरी पराक्राम्य संलेख कायद्याचं कलम १३८ सुटत नाही. चेक परत गेल्याचं कळल्यापासून तीस दिवसांत मालक नोटीस देऊ शकतो, ती मिळाल्यावर पंधरा दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर फौजदारी तक्रार. गाळा तुमच्या ताब्यात असताना चेक परत गेला तर देणं नव्हतं असं म्हणायला तोंड राहत नाही. नोटिशीच्या तीन महिन्यांचे तीन चेक वटू द्या. उरलेले चार, नंबरासकट, ताबा देताना परत घ्या.

लावलेल्या वस्तूंचं. चिमणी, तिचा पाइप, वजनकाटा, फ्रीझर, रॅक : सगळं तुमचं, काढून न्या. छताचं भोक बुजवून द्या. ग्रॅनाइटचा ओटा उखडायला जाल तर ग्रॅनाइट फुटेल आणि भिंतही दुरुस्त करून द्यावी लागेल. तो राहू द्या आणि बोलण्यात त्याचा भाव करा. नवा माणूस खाण्याच्या धंद्यातला निघाला तर ओटा आणि चिमणी त्यालाच विका. कोथरूडला नेऊन लावण्यापेक्षा दोन पैसे जास्त येतील. थ्री फेजचं मीटर बहुतेक मालकाच्या नावावर आहे. लोड वाढवताना महावितरणला जी सुरक्षा ठेव भरलीत ती त्याच ग्राहक क्रमांकावर जमा असते, म्हणजे ती काकांकडे राहणार. ती रक्कम हिशेबात धरा. बहुतेक लोक विसरतात.

सोडण्याची रक्कम ठरवताना आणखी एक छोटीशी गोष्ट विचारा : जीएसटीसह की जीएसटी सोडून? केंद्र सरकारच्या ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाप्रमाणे, मुदतीआधी जागा सोडू देण्याबद्दल करारानं ठरलेली रक्कम ही मूळ भाड्याच्या सेवेचाच भाग समजली जाते. मालक जीएसटीत नोंदलेले असतील तर १८ टक्के वरून येतील. १,१९,७०० वर ते २१,५४६ होतात. आकडा ठरला, हस्तांदोलन झालं, पेढा खाल्ला, आणि मग काकांच्या सीएचा फोन आला असं नको.

आता ते पान. शक्य असेल तर रीतसर रद्दलेख, म्हणजे करार रद्द केल्याचा दस्त, करा आणि तो नोंदवून घ्या. नोंदणी कशी करायची ते एजंटला विचारा. काही कारणानं तेही जमलं नाही तर निदान ५०० च्या स्टॅम्पवर ताबापावती. (१०० चा स्टॅम्प शोधू नका, महाराष्ट्रात २०२४ च्या ऑक्टोबरपासून त्याची जागा ५०० नं घेतली.) तीत मूळ कराराचा दस्त क्रमांक आणि तारीख. आज अमुक तारखेला इतक्या वाजता गाळ्याचा रिकामा ताबा मालकानं घेतला. किल्ल्या किती, शटरच्या किती, मागच्या दाराच्या किती. वीज मीटरचं त्या दिवसाचं रीडिंग, भिंतीवर मीटर दिसेल असा फोटो. लॉक-इनच्या सगळ्या येण्याबद्दल अमुक रक्कम पूर्ण व अंतिम म्हणून घेतली, आता एकमेकांकडे काही येणं नाही. परत केलेल्या चार चेकचे नंबर. डिपॉझिटचे १,०८,३०० कोणत्या तारखेला, कशानं दिले. "नंतर देतो" असं असेल तर ताबाही नंतर, किंवा त्या तारखेचा चेक हातात. दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार. साक्षीदार शेजारचे दुकानदार असू द्या, वॉचमन नको.

काकांनी किल्लीच घ्यायला नकार दिला तर? लेखी पत्र पाठवा : अमुक दिवशी सकाळी अकराला गाळ्यावर ताबा द्यायला हजर राहते. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं, तेव्हा स्पीड पोस्टनं, पोहोच पावती घेऊन. तेच व्हॉट्सॲपवर आणि ईमेलवर. त्या दिवशी दोन माणसं घेऊन जा, रिकाम्या गाळ्याचा व्हिडिओ काढा, थांबा, परत या. दुसऱ्या दिवशी पुन्हा पत्र : आलो होतो, आपण आला नाहीत, किल्ल्या आपल्यासाठी सांभाळून ठेवल्या आहेत, मागाल तेव्हा देऊ. एवढं केलंत की "जागा तुमच्याच ताब्यात होती" हे म्हणणं पुढे फार तग धरत नाही. वाद चिघळायला लागला तर शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, दावा दाखल होण्याआधीही तिथे तडजोडीला बसता येतं. लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला कोर्टाच्या हुकुमाचं बळ असतं आणि तिच्यावर अपील नाही.

तुमच्या पत्रात नाही, पण पोळी-भाजी म्हणजे खाद्य परवाना आलाच. तो जागेचा असतो. वारज्याचा परत करा. जीएसटी नोंदणीत वारजे जादा ठिकाण म्हणून असेल तर तो बदल पंधरा दिवसांत कळवायचा असतो.

आणि तिथे कामाला असलेल्या दोघींना नोटीस दिल्याच्या दिवशीच सांगा, शेवटच्या आठवड्यात नको. एकीला कोथरूडला घेता येईल का बघा. हा कायदा नाही.

प्रश्न: सांगलीत माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक लीव्ह अँड लायसन्सवर आहे. अजून बावीस महिने बाकी. मालकानं जागा विकली. नवे मालक महिनाभरात रिकामी करा म्हणतात, त्यांना बँकेला द्यायची आहे. माझ्याकडे नोंदणीकृत करार आहे, मग मला कसं काढतील? — *एक वाचक, सांगली*

उत्तर: डॉक्टर, नोंदणी ही चांगली गोष्ट आहे, पण तिचा धाक इथे कमी पडतो. सुखाधिकार कायद्याचं कलम ५९ म्हणतं की जागा दुसऱ्याकडे गेली तर नवा मालक जुन्याच्या परवान्यानं बांधलेला नसतो. लायसन्स आणि लीज यांच्यातला हा फरक लोकांना सही करताना कोणी सांगत नाही. लीज असतं तर नवा मालक तुमच्यासकट जागा घेतो.

दोन गोष्टी करा. पहिली, करारातून बाहेर येऊन वस्तुस्थिती बघा. कागदावर 'लायसन्स' लिहिलं म्हणून ते लायसन्सच असतं असं नाही. १९५९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे दिल्लीच्या एका मोठ्या हॉटेलमधल्या केशकर्तनाच्या दोन खोल्यांचा खटला आला होता, असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध आर. एन. कपूर. तेव्हापासून कसोटी अशी : कागदाचं नाव काय यापेक्षा पक्षकारांचा हेतू काय होता, आणि जागेचा एकहाती ताबा कोणाकडे होता. किल्ली तुमच्याकडे एकट्याकडे होती का, मालक मनात येईल तेव्हा आत येत होता का, करारात जागेत हितसंबंध दिल्याची भाषा आहे का, हे तुमच्या वकिलाला बघायला सांगा. पण भरवसा ठेवू नका, स्पष्ट शब्दांतला लायसन्सचा करार सहसा लायसन्सच ठरतो.

दुसरी, आणि जास्त कामाची : सुखाधिकार कायद्याचंच कलम ६४. मोबदला घेऊन परवाना दिला आणि तुमचा काही दोष नसताना तो पुरता उपभोगण्याआधी तुम्हाला काढलं, तर जुन्या मालकाकडून भरपाई मागता येते. त्यानं विकताना तुम्हाला सांगितलं नाही, नव्यालाही बहुधा तुमच्याबद्दल अर्धवट सांगितलं असणार. फर्निचर, मशीनची जोडणी, नव्या जागेचं शिफ्टिंग, सगळी बिलं काढा आणि जुन्या मालकाला नोटीस द्या. नव्याकडे मात्र मुदत मागा, दोन-तीन महिने, भाडं देत देत. पेशंटचे ठरलेले कोर्स पुरे होईपर्यंत. बँकेचा करार व्हायलाही वेळ लागतो, बहुतेक देतील. तुम्ही असताना कोणी कुलूप घातलं तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार आणि मनाईसाठी कोर्ट. कायदेशीर मार्गाशिवाय काढलेल्या माणसाला ताब्याचा दावा करायचा झाला तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांतच करावा लागतो.

प्रश्न: मी ठाण्यातला निवृत्त माणूस. दुकान एका मोबाइल दुरुस्तीवाल्याला दिलं होतं. तीन महिने शटर बंद, फोन बंद, भाडं नाही. आत त्याचं सामान आहे. करार अजून चौदा महिने. डिपॉझिट संपत आलं. कुलूप तोडू का? — *एक वाचक, ठाणे*

उत्तर: काका, नाही. आत लोकांचे दुरुस्तीला आलेले फोन असतील. कुलूप तोडल्यावर एखादा फोन हरवला तर तो तुमच्या माथी येईल. करारातल्या पत्त्यावर, आधार कार्डावरच्या पत्त्यावर, ईमेलवर, व्हॉट्सॲपवर आणि शटरवर चिकटवून नोटीस द्या : करार मोडल्यामुळे परवाना रद्द केला, इतक्या दिवसांत सामान न्या. सामान न्यायला वाजवी मुदत देणं सुखाधिकार कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बंधनकारक आहे, एक महिना द्या. करार करताना जे साक्षीदार होते त्यांना फोन करा. माझ्या अनुभवात दहातल्या सहा वेळा माणूस तिथूनच सापडतो. सापडला तर त्याच्याकडून वर सांगितली तशी ताबापावती घ्या आणि उरलेल्या चौदा महिन्यांच्या मागे लागू नका.

नाहीच आला तर दावा. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ चा सक्षम प्राधिकाऱ्याकडचा झटपट मार्ग राहत्या घरांसाठी आहे, दुकानाला नाही. दाव्यातच कोर्टाचा कमिशनर नेमून, पंचांसमोर शटर उघडून सामानाची यादी करायचा अर्ज करा. तोवर दुकानाचं लाइट बिल भरत राहा, मीटर तोडू देऊ नका.